करटीभर पाला

वैनी,

तू गेल्याचं दादाच्या रक्तात दिसलं.

आम्हा माणसांचं काय, दहावं झालं, तेरावं झालं, पाव्हणे आपापल्या गावी गेले आणि घर हळूहळू कामाला लागलं. मी शाळेत जाऊ लागलो. माझी बायको तुझ्या चुलीपुढे बसू लागली. बघणाऱ्याला वाटावं, सगळं सुरळीत चाललंय. पण गेल्या आठवड्यात मुंबईच्या डॉक्टरांनी तपासणीचा कागद दोनदा वाचला, चष्मा काढला आणि विचारलं की सहा वर्षं एका रेषेत चाललेलं रक्त दोन महिन्यांत एवढं कसं बिघडलं. दादा माझ्याकडे बघत होता. तुझी खुर्ची रिकामी होती.

त्या खोलीत मी काय बोललो ते तुला सांगायचंय. पण माझी खोड तुला माहीत आहे, पहिल्यापासून सुरुवात केल्याशिवाय मला पुढे जाता येत नाही. तू म्हणायचीसच, "मास्तराक काय इचारला तर अर्दो दीस गेलो." आज जाऊ दे अर्धा दिवस. तुला आता बाजार गाठायची घाई नाही.

गोवा सुटला त्याच्या पुढल्या वर्षीची गोष्ट. दादा मचव्यावर तांडेल होता, दहा माणसांचा मुख्य. एके दिवशी जाळं ओढता ओढता त्याचा डावा पाय पांढरा पडला आणि गार झाला. मुंबईला नेलं तेव्हा कळलं की हृदयाची एक झडप नीट उघडत नाही, आत रक्त साचून गुठळी धरते, आणि तशीच एक गुठळी सुटून पायात अडकली होती. पाय वाचला. पण पुढची गुठळी डोक्यात जाईल, असं डॉक्टर म्हणाले आणि रक्त पातळ ठेवणारी गोळी लिहून दिली. रोज एक, जन्मभर. कमी पडली तर गुठळी होणार, जास्त झाली तर रक्त थांबणार नाही. मधला रस्ता आपल्या देवबागेइतकाच अरुंद, एका बाजूला खाडी आणि दुसऱ्या बाजूला समुद्र.

गोळ्यांची बाटली तू आपल्या ताब्यात घेतलीस. तुला अक्षर येत नव्हतं, म्हणून मी कुरकुरलो होतो. आये तर उघडच म्हणाली, मास्तर घरात असताना हिच्या हाती कशाला. दादाने ऐकलं नाही. त्याला गोळी तुझ्याच हातून हवी असायची.

मग श्रावण आला. आपल्या घरात श्रावण म्हणजे काय, ते दुसऱ्या कुणाला सांगायला लागत नाही. होड्या वर ओढलेल्या, घरात मासळीचा वास नाही, आणि बाहेर जिकडेतिकडे हिरवं उगवलेलं. टाकळा, कुर्डू, अळू, परसातल्या शेवग्याचा पाला. सकाळी पाला, संध्याकाळी पाला. अष्टमीला तर शेगलाची, म्हणजे त्याच शेवग्याच्या पाल्याची भाजी आणि आंबोळ्या, देवाला दाखवून मग टोपभर. दादा मासळीवाचून चिडचिडा व्हायचा, पण पाल्यावर ताव मारायचा. आपल्याला तो खाण्यातला बदल वाटतच नव्हता. दरवर्षी येतो तो महिना, त्यात सांगण्यासारखं काय?

त्याच श्रावणाच्या शेवटी तपासणीची तारीख आली. आगबोट बंद होती, म्हणून एसटीने कोल्हापूर आणि तिथून रेल्वे. दादा तुझ्याशिवाय हलेना, म्हणून तूही आलीस. त्या खोलीत आपण तिघे गेलो. दादाला तपासायला आत नेलं, आपण दोघे बसून राहिलो. मी इस्त्रीचा सदरा घालून, तू खुर्चीच्या अगदी कडेला, पदर दोन्ही खांद्यांवरून घेऊन. डॉक्टरांनी सांगितलं की रक्त पुन्हा घट्ट व्हायला लागलंय, गोळी पुरत नाही. मग त्यांनी कागदावरून मान वर करून विचारलं, "खाण्यात काही बदल?"

तू पुढे वाकलीस आणि म्हणालीस, "डाक्टरांनू, म्हयनोभर…"

तुझा आवाज बाजारात पलीकडच्या टोकाला पोचणारा. त्या लहान खोलीत तो केवढा मोठा वाटला मला. दाराबाहेर कोट घातलेली माणसं बसली होती. डॉक्टर काय म्हणतील, ही मास्तरची वहिनी? माझ्या कानाच्या पाळ्या तापल्या. मी तुझ्याकडे न बघता म्हणालो, "तू गप रव गो, वैनी." आणि डॉक्टरांना म्हणालो, शुद्ध मराठीत, "काही बदल नाही. घरचंच साधं जेवण."

डॉक्टरांनी एकीची दीड गोळी केली. दादा तेव्हा आतल्या खोलीत सदरा चढवत होता. त्याला काही ऐकू गेलं नाही.

बाहेर आल्यावर तू म्हणालीस, "भावोजी, तां सांगाक होया होता." मी तुला समजावलं की एवढ्या मोठ्या डॉक्टरांपुढे पाल्याभाजीच्या गोष्टी करायच्या नसतात. तू पुढे बोलली नाहीस. मला वाटलं, पटलं तुला.

गणपती झाले, गौरी गेल्या, आणि घरात मासळी आली. दीड महिन्याच्या उपासाचं उट्टं दादा काढत होता. सकाळी बांगड्याचं तिखलं, रात्री कोळंबीची कढी. पाल्याकडे कोण बघतो? तूही कौतुकाने वाढत होतीस, माणूस पुन्हा अंगाने भरला पाहिजे म्हणून. आणि रोज दीड गोळी. एकदा तू मला त्याच्या दंडावरचे काळेनिळे डाग दाखवलेस. मी म्हटलं, होडीला आपटला असेल.

तिसऱ्या आठवड्यात एका सकाळी त्याचा घोळणा फुटला. आयेने डोक्यावर पाणी थापलं, कांदा फोडून नाकाशी धरला. रक्त थांबेना. मग हिरड्यांतून यायला लागलं. त्याने चूळ भरली ती सगळी लाल. तो हसत म्हणाला, "पान खाल्ल्यासारख्या दिसता मा?" आणि उठायला गेला तो खाली बसला. तू ओसरीवरूनच शेजारच्या गाडीवानाला हाक मारलीस.

देवबागेहून मालवणपर्यंतची ती वाट मी पुढे शंभरदा चाललो असेन, पण त्या दिवसाइतकी लांब ती कधी झाली नाही. चाकं रेतीत रुतत होती. दादाचं डोकं तुझ्या मांडीवर. तू एक फडकं त्याच्या नाकाशी धरलेलंस, ते भिजलं की आयेकडे द्यायचीस आणि दुसरं घ्यायचीस. शेवटी तू आपला पदर लावलास. गाडीवान बैलांना मारायला लागला तेव्हा तू म्हणालीस, "बैलांका मारू नको रे, गाडी हिसके खाता." एवढंच बोललीस सगळ्या वाटेत. मी मागून चालत होतो आणि माझ्या डोक्यात एकच चाललं होतं की गोळ्या जास्त झाल्या, हिने गोळ्या जास्त दिल्या.

मालवणच्या आपल्या डॉक्टरांनी दादाला बाकावर आडवं केलं, डोळे पाहिले, दंड पाहिले आणि विचारलं, "गोळ्या किती?"

"दीड," तू म्हणालीस.

आणि मी आयेसमोर, गाडीवानासमोर, दारात जमलेल्या चार माणसांसमोर म्हणालो, "खरा सांग गो. दोनदा दिलंस मा?"

हे वाक्य मी सहा वर्षं गिळायचा प्रयत्न करतोय.

तू माझ्याकडे पाहिलंस. रागाने नाही. कुणी अनोळखी माणूस दारात उभा असावा तसं. डॉक्टर चिठ्ठी लिहीत होते. के जीवनसत्त्वाचं इंजेक्शन आत्ताच्या आत्ता हवं, आपल्याकडे नाही, पण प्रसूतिगृहातल्या सिस्टर नव्या जन्मलेल्या पोरांसाठी ठेवतात, म्हणाले. बाळाच्या अंगात ते जवळजवळ नसतंच आणि आईच्या दुधातूनही थोडंच मिळतं, म्हणून कुठल्या कुठल्या बाळाला पहिल्या आठवड्यात रक्त सुटतं, त्याच्यावर तो उपाय. पण ती मात्रा बाळाची. मोठ्या माणसाला दहा तरी कुप्या लागतील. चिठ्ठी त्यांनी माझ्याकडे दिली. ती तू माझ्या हातातून घेतलीस आणि बाहेर पडलीस.

तू गेलीस ते तुला सिस्टर ओळखत होत्या म्हणून. तू त्यांच्या दारात मासळी घालायचीस. मला ते सुचलंही नसतं. तू परत येईपर्यंत मी दादाचं नाक दाबून धरलं होतं. बोटांमधून ऊन ऊन रक्त येत होतं आणि तो डोळे मिटून म्हणत होता, "खंय गेली ती?"

तू आलीस ती धापा टाकत, पदराच्या गाठीत दहा कुप्या. सिस्टरांकडे बाराच होत्या आणि आत एक बाई अडली होती. त्यांनी दोन मागे ठेवल्या आणि दहा दिल्या. डॉक्टरांनी शिरेतून सावकाश, अगदी सावकाश औषध सोडलं. आये विचारत राहिली की अजून का थांबत नाही. ते म्हणाले, हे औषध भोक बुजवत नाही. रक्त गोठवणारा माल यकृत बनवतं, त्याला हे जीवनसत्त्व लागतं. गोळीने ते काम अडवून धरलं होतं, आता माल पुन्हा बनायला काही तास जातील, तेवढा वेळ काढायचा.

तेवढा वेळ आपण काढला. तू एका बाजूला, मी एका बाजूला, मध्ये दादा. भिंतीवरचं घड्याळ मला अजून आठवतं. दुपारी दोनला फडकं भिजत होतं. तीनला भिजत होतं. चारच्या सुमाराला दादाचे ओठ कागदासारखे झाले आणि आयेने रवळनाथाला गाऱ्हाणं घालायला सुरुवात केली. साडेपाचला तू फडकं काढून पाहिलंस आणि तेच पुन्हा लावलंस. तेव्हा मला कळलं की ते भिजलेलं नाही.

आये बाहेर देवाला हात जोडायला गेली. दादा ग्लानीत होता. डॉक्टरांनी हात धुतले आणि आपल्या दोघांना विचारलं, "श्रावण पाळता ना तुम्ही?" ते इथलेच. त्यांना बाकी काही विचारावं लागलं नाही. पाल्यात हे के जीवनसत्त्व भरपूर. के हे नाव जर्मन भाषेतल्या गोठण्याच्या शब्दावरून पडलंय, असंही ते मला सांगायला लागले, मास्तर म्हणून. महिनाभर पाला खाल्ला, गोळी हरली, मुंबईवाल्यांनी गोळी वाढवली. मग मासळी आली, पाला गेला, आणि वाढलेली गोळी एकटीच राहिली. मग त्यांनी सहज विचारलं, "मुंबईला सांगितलं नाहीत का?"

मी तोंड उघडलं होतं, वैनी. शपथेवर सांगतो, उघडलं होतं. पण त्यातून काही येईना.

तू भिंतीकडे बघत म्हणालीस, "माका सांगूक जमला नाय, डाक्टरांनू. चूक माजी."

डॉक्टर म्हणाले, असू दे, आता लक्ष ठेवा. तू लगेच विचारलंस, मग पाला बंद करू का? ते म्हणाले, तोही घोटाळाच होईल, बंद नको, रोज सारखा ठेवा, बारा महिने. जर्मन शब्द तुझ्या डोक्यात राहिलेला नव्हता. "नाव कायव आसांदे," तू म्हणालीस, "तां पाल्यात आसता मा?" आणि घरी निघण्याआधी तू पुन्हा प्रसूतिगृहात गेलीस. त्या अडलेल्या बाईला मुलगी झाली होती. ती बरी आहे ना, हे बघून आलीस, कारण तिच्या बाळाच्या वाट्याचं आपण आणलं होतं.

त्या रात्री घरी मी कंदिलाजवळ बाटली उघडली आणि गोळ्या मोजल्या. तारखेपासून हिशेब केला. अर्धी गोळीसुद्धा इकडची तिकडे नव्हती. मी झाकण लावलं आणि बाटली परत फळीवर ठेवली. दुसऱ्या दिवशी आये पाणंदीवर कुणाला तरी सांगत होती की सुनेने गोळ्या दुप्पट दिल्या, मास्तरानेच पकडलं. पाल्याने कुठे रक्त सुटतं, असं वर विचारत होती. मी शाळेला निघालो होतो. मी तसाच पुढे गेलो.

तुझी करटी त्यानंतर आली. नारळाची एक करवंटी तू घासून गुळगुळीत केलीस, आणि चिरलेला पाला तिच्यात दाबून भरायचीस, काठोकाठ. रोज एक करटी दादाच्या ताटात. श्रावणात जास्त नाही, गणपतीनंतर कमी नाही. उन्हाळ्यात पाला मिळेना तेव्हा तू विहिरीमागे लाल भाजीचा वाफा केलास आणि बाजारातून आल्यावर, पाठ मोडलेली असताना, त्याला पाणी घातलंस. अष्टमीला सगळी वाडी शेगलाची भाजी ओरपायची आणि तू दादाला करटी मोजायचीस. आये म्हणायची, "देवाच्या दिसाक पण मोजून?" तू हसायचीस आणि आणखी एक आंबोळी वाढायचीस.

मुंबईचे डॉक्टर दरवेळी खूश. एकदा मला म्हणाले, शिकलेल्या घरातसुद्धा एवढं जमत नाही, तुम्ही कसं जमवता? मी म्हणालो, नियमित आहार. तू शेजारीच बसली होतीस, पदर दोन्ही खांद्यांवरून घेऊन. पहिल्या वेळेनंतर त्या खोलीत तू कधी तोंड उघडलं नाहीस.

मी अगदीच बोललो नाही असं नाही. एकदा परतीच्या आगबोटीवर, दादा खाली झोपला होता तेव्हा, मी म्हटलं, वैनी, त्या दिवशी मी… तू मला पुढे जाऊ दिलं नाहीस. म्हणालीस, "आता तां कित्याक? शाळेत पोरां तुमचा ऐकतत. ऐकांदेत." आपल्या वाडीतला पहिला मास्तर मी. माझ्या शब्दावर चार घरांनी मुली शाळेत घातल्या होत्या. तू तो शब्द वाचवलास. मी ती परवानगी समजलो आणि तिच्यावर सहा वर्षं काढली. खरं सांगू, मला तुझा रागही येतो. तू मला त्या दिवशी बाजारातल्या आवाजात शिव्या घातल्या असत्यास तर मी कधीच मोकळा झालो असतो. तू माझ्यावर पांघरूण घातलंस आणि मी त्याच्याखाली आरामात झोपलो.

आये गेली ती तुलाच दोषी मानून गेली. तिचं शेवटचं दुखणं तूच काढलंस.

आणि दादा. तो तर थट्टा करायचा. रोज जेवण झालं की हात पुढे करायचा, तू गोळी ठेवायचीस, आणि तो म्हणायचा, "येकच मा गो?" गोळी पुन्हा एकावर आली होती, आणि त्याला तुझी खोड काढायची असायची. प्रेमाने. तू म्हणायचीस, "गिळा आता." सहा वर्षं, रोज, मी शेजारच्या पाटावर बसून हे ऐकलं. त्याला वाटायचं, जुनी चूक झाली गेली, आता हसायला काय हरकत.

तुझ्या दहाव्याला खाडीच्या काठी पिंड ठेवला. कावळे होते, पण सगळे सुकत घातलेल्या मासळीवर. देवबागेतला कावळा भाताला कशाला येतोय? तरी माणसं हात जोडून बोलायला लागली. दादा म्हणाला, मी करटीभर पाला खात राहीन. माझी बायको म्हणाली, भावोजींचं सगळं मी बघेन. कुणी म्हणालं, मास्तर, तुम्ही काहीतरी बोला, तिचा तुमच्यावर जीव होता. मला माहीत होतं तुला काय हवं असेल. की तुला तेही नको असेल, कुणास ठाऊक. मला बोलायला हवं होतं एवढं खरं. मी हात जोडून उभा राहिलो. शेवटी दर्भाचा कावळा करून पिंडाला लावला आणि सगळे आंघोळीला गेले. अशा रीतीने मी तुला दुसऱ्यांदा गप्प केलं.

माझ्या बायकोचा दोष नाही. करटी दिसायला सोपी, पण दाबून किती भरायची ते तुझ्या अंगठ्याला माहीत होतं. त्यात श्रावण आला. तिने मायेने वाढलं, दादाने तुझ्या आठवणीने मागून खाल्लं. आणि आम्ही पुन्हा त्या खोलीत जाऊन बसलो. डॉक्टर आता म्हातारे झालेत. त्यांनी कागद खाली ठेवला आणि तोच प्रश्न विचारला, "खाण्यात काही बदल?"

दादा माझ्याकडे बघत होता, मी उत्तर देणार म्हणून. दारात यावेळीही कोट घातलेली माणसं होती. माझ्या तोंडात उत्तर तयार होतं, शुद्ध, नीटनेटकं. ते मी बाजूला ठेवलं आणि पुढे वाकून म्हणालो, "डाक्टरांनू, म्हयनोभर घरात म्हावरा शिजाक नाय. हे नुसतो पालोच खातत."

डॉक्टरांनी कपाळाला आठ्या घातल्या. त्यांना अर्धंच कळलं असावं. मी म्हणालो, हे वाक्य माझं नाही, माझ्या वहिनीचं आहे. सहा वर्षांपूर्वी ती इथे बसून हेच सांगत होती आणि मी तिला गप्प बसवलं. तुम्ही गोळी वाढवलीत ती माझ्यामुळे. मग डॉक्टरांनी यावेळी गोळी एकच ठेवली, पाला पूर्वीसारखा करायला सांगितला आणि महिन्याने या म्हणाले. दादाने माझ्याकडे मान वळवली होती, ती त्याने पुन्हा सरळ केली.

रेल्वेत तो खिडकीकडे तोंड करून बसला. कोल्हापूरला एसटीची वाट बघत बसलो तेव्हा मी चहा आणला, तो त्याने घेतला, पण माझ्याकडे बघितलं नाही. फोंड्याचा घाट उतरलो, कणकवली गेली, मालवण आलं. सगळ्या वाटेत मला तेवढीच भीती होती की आता त्याच्या हृदयाला काही होईल, आणि तेही माझ्यामुळेच.

घरी आल्यावर मी स्वतः शेवग्याचा पाला ओरबाडला. तुझी करटी घेतली, अंगठ्याने दाबून भरली. जास्त झाला असं वाटलं, काढला. पुन्हा भरला. जेवणं झाली. मी बाटली आणली आणि दादापुढे बसून राहिलेलं सांगून टाकलं. त्या रात्री गोळ्या मोजल्या होत्या, एक न एक बरोबर होती, आणि ते मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं.

त्याने हात पुढे केला. मी गोळी ठेवली. तो तिच्याकडे बघत राहिला. चुलीपुढे माझी बायको भांडी आवरायची थांबली.

"माका येकदा सांगाक होया होता रे," तो म्हणाला. "मगे मी तिका रोज रोज इचारला नसता."